कापूर, खोबरेल आणि मुसके

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरले, तेव्हा आत कापराचा वास भरून राहिला होता. कोणाच्या तरी घरी आरती झाली असावी, असे क्षणभर वाटले. पण हा वास आरतीच्या वासापेक्षा जड होता, त्यात खोबरेल तेल मिसळलेले होते, आणि तो वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या हातातल्या टॉवेलमधून येत होता. टॉवेलात त्यांची मांजर, मनी, होती. तिच्या पाठीवरचे केस तेलाने चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या आणि मधूनमधून ओरबाडलेली, गुलाबी कातडी दिसत होती. "खाजवून खाजवून रक्त काढलंय गं तिनं. तेल कोमट केलं, कापूर विरघळवला आणि चांगलं चोळून लावलं. आता पडेल बघ आराम," काकू म्हणाल्या. मनीच्या तोंडातून लाळेची बारीक तार टॉवेलवर उतरत होती, आणि तरीही ती मान वळवून खांदा चाटण्याची धडपड करत होती. मी म्हटले, "काकू, हे आत्ताच्या आत्ता धुऊन टाकू या." भांड्यांच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने आमच्या न्हाणीघरात तिचे तेल काढले, चाटता येऊ नये म्हणून तिला घट्ट गुंडाळले आणि रिक्षाने ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रात्रभर तिला नजरेखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि पुढे तिला काही झाले नाही. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या काकू मात्र पुन्हा पुन्हा एकच वाक्य म्हणत होत्या, "आमच्या आईनं आयुष्यभर आम्हाला हेच लावलं."

ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही, कारण ते खरे होते.

घामोळे आले, डास चावला, पावसात भिजून पायाच्या बोटांत खाज सुटली, तर कापूर घातलेले खोबरेल लावायचे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. त्या तेलाने थंडावा येतो आणि खाज खरोखरच विसरायला होते. काकूंनी मनीला परक्यासारखे वागवले असते, तर ते तेल तिच्या पाठीवर गेलेच नसते. पण माणसाच्या अंगाला लावलेले औषध माणसाच्या अंगावर राहते आणि प्राण्याच्या अंगाला लावलेले औषध त्याच्या पोटात जाते. मांजराच्या जागेपणाचा मोठा भाग स्वतःला चाटण्यात जातो. अंगावर काही चिकट, वेगळ्या वासाचे लागले की ती अधिकच चाटते. 'फक्त बाह्य वापरासाठी' ही बाटलीवरची सूचना तिच्या बाबतीत पाळताच येत नाही. कापूर तर चाटण्याचीही वाट पाहत नाही, तो कातडीतूनही आत शिरतो, आणि पुरेसा शिरला तर लाळ गळण्यापासून झटके येण्यापर्यंत काहीही होऊ शकते. त्यात मांजराचे यकृत वेगळे. आपले यकृत अनेक वनस्पतिजन्य आणि औषधी रसायनांना ज्या प्रक्रियेने निष्प्रभ करून बाहेर टाकते, ती प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. आपण तापावर घेतो त्या पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने.

हा प्रश्न मला इतका जवळचा वाटतो, त्याचे कारण आमच्याकडचा गोट्या. घोडबंदर रस्त्यालगतच्या एका बांधकामाच्या कुंपणाआड जन्मलेला हा साधा गावठी कुत्रा. त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात खाज सुरू झाली. ज्या घरात असा प्राणी आहे, त्या घराला रात्रीचा तो आवाज ओळखीचा असेल. मागचा पाय कानामागे जोरात चालतो, प्रत्येक फटक्याबरोबर ढोपर फरशीवर आपटते, गळ्यातली साखळी खुळखुळते. मग शांतता, आणि मग त्याहून त्रासदायक असा, पंजा चाटण्याचा संथ, ओला, न थांबणारा आवाज. सकाळी पाहावे तर पुढच्या पंजांवरचे पांढरे केस लाळेने तांबूस झालेले असत आणि बोटांच्या बेचक्यात नाक नेले, तर उन्हाळ्यात जास्त वेळ बाहेर राहिलेल्या इडलीच्या पिठासारखा आंबूस वास येई. तो वास यीस्टचा, म्हणजे कातडीवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचा होता, हे नंतर कळले. आपल्यासमोर एखादा जीव रात्रभर स्वतःला कुरतडत असताना काहीतरी लावावे, काहीही लावावे, असे हाताला वाटते. ती घाई मी चांगली ओळखते.

आणि लावण्यासारखे सुचवणारे पुष्कळ भेटतात. सकाळी उपवन तलावाच्या कडेने कुत्रे फिरवणाऱ्यांची एक ओळख होऊन जाते. माणसांची नावे माहीत नसतात, कुत्र्यांची असतात. तिथे मला कडुनिंबाचे तेल सांगितले गेले, हळद आणि मोहरीचे तेल, ॲपल सायडर व्हिनेगर, कोरफड, तुळशीचा रस, टी ट्री तेलाचे थेंब, ताकाने आंघोळ आणि जेवणात लसणाची एक पाकळी, म्हणजे पिसवा जवळ येणार नाहीत. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या स्वरात कळकळ होती आणि प्रत्येकाकडे बऱ्या झालेल्या एका तरी कुत्र्याची गोष्ट होती. मी ऐकत असे आणि गोट्या माझ्या पायाशी बसून पंजा चाटत असे.

माझे आजोळ मुरबाडजवळचे. तिथला गोठा आठवला की आधी धूर आठवतो. दिवेलागणीला आजोबा शेणीच्या निखाऱ्यावर कडुनिंबाचा ओला पाला टाकत, आणि कडवट, डोळे चुरचुरवणारा धूर कौलांतून हळूहळू बाहेर पडे. म्हशींच्या कासेजवळच्या आणि कानामागच्या गोचिडी ते बोटांनी वेचून काढत आणि त्याच निखाऱ्यांत टाकत; तट् असा आवाज होई. वासराच्या अंगावर चट्टे उठले की करंजाचे तेल लागे. पण या सगळ्यात जी गोष्ट मला लहानपणी अगदीच बिनमहत्त्वाची वाटली होती, ती आता ठळक आठवते. तेल लावण्यापूर्वी आजोबा वासराच्या तोंडाला काथ्याचे मुसके बांधत, आणि गाय त्याला चाटायला येईल म्हणून तिलाही दावे आखूड करून पलीकडे बांधत. तेल जिरून जाईपर्यंत मुसके सुटत नसे. अंगावरचे पोटात जाते, हे त्या माणसाला कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. आपल्याबरोबर गावाकडून शहरात तेलाची बाटली आली, मुसके मात्र गोठ्यातच खुंटीला राहिले.

पाचपाखाडीच्या डॉक्टर मॅडमनी गोट्याला पहिल्यांदा पाहिले, तेव्हा औषधाविषयी बोलण्याआधी त्यांनी त्याच्या अंगावरून दोन्ही हात फिरवले आणि मला विचारले, "नेमकं कुठं खाजवतो?" खाज सगळीकडे सारखी नसते, आणि ती कुठे आहे यावरून तिचे कारण बरेचसे ओळखता येते, हे मला तेव्हा समजले. शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेवर खाज असेल, तर पहिला संशय पिसवांचा. पंजे, कान, काखा, पोट आणि तोंडाभोवती असेल, तर धूळ, बुरशी, परागकण किंवा अन्न यांची ॲलर्जी. कानांच्या कडा आणि ढोपरे यांवरचे केस जाऊन खपल्या धरल्या असतील, तर खरूज, आणि ती घरातल्या माणसांच्या हातांवरही येऊ शकते. मांजराच्या पिल्लाच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे बहुधा बुरशीचे, म्हणजे नायट्याचे. तोही माणसांना लागतो. या चार खाजांवर एकच तेल कसे चालेल? मॅडमनी गोट्याच्या बोटांच्या बेचक्यात काचेची पट्टी दाबली, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही पाहायला लावली. भुईमुगाच्या शेंगेसारखा, मधे चिमटलेला आकार, असंख्य वेळा. पंजांचा तो आंबूस वास या यीस्टचा होता आणि यीस्टच्या मागे मूळ ॲलर्जी होती.

पिसवांचे कोडे घरीच सोडवता येते, आणि त्यासाठी काही लावावे लागत नाही. बारीक दातांची फणी घ्यावी, कंबरेपासून शेपटीपर्यंत कातडीला टेकवून ओढावी आणि फणीत आलेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावा. साधी माती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल, तर त्या काळ्या कणांभोवती थोड्या वेळात तांबूस कडे उमटते, कारण ती विष्ठा म्हणजे पचलेले रक्त असते. मनी घरी परतल्यावर काकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही हा प्रयोग केला. कागद ओला केला आणि एकामागून एक तांबूस ठिपके पसरू लागले, तेव्हा काकू चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून पाहत राहिल्या. मनी कधी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे पिसवांचा विचारही त्यांच्या मनात आला नव्हता. पण पिसवा कपड्यांवरून आणि पायपुसण्यावरूनही येतात, आणि ज्या प्राण्याला पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते त्याला थोडे चावेसुद्धा पुरतात. शिवाय प्राण्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे त्यांच्या पसाऱ्याचा लहानसा भाग. अंडी अंगावरून गळून गादीत, सोफ्याच्या शिवणीत, पलंगाखालच्या धुळीत पडतात. कोशातली पिसू तिथे काही महिने दबा धरून राहू शकते आणि पावलांची हालचाल किंवा शरीराची ऊब जाणवली की बाहेर पडते. अंगावर कितीही उत्तम तेल चोळले तरी सोफा तसाच असेल, तर खाज आठवड्याभरात परत येते.

इथून मला एक दिशा सापडली आणि मी ती सोडलेली नाही. खाजेवरच्या घरगुती उपायांतले खरोखर गुणकारी उपाय बहुतेक करून काढून टाकण्याचे आहेत. पिसू काढणे, धूळ काढणे, ओल काढणे, न मानवणारा घास काढणे. त्यांत चाटून पोटात जाण्यासारखे काही उरत नाही.

पाण्याचेच घ्या. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याच्या कातडीचे संरक्षक आवरण विरळ झालेले असते. धुळीतले कण मुख्यतः श्वासातून आत जात असावेत, असे पूर्वी मानत. ते या विरळ आवरणातून, थेट कातडीतून शिरतात, असे आता अधिक मानले जाते. म्हणजे फिरून आल्यावर पंजे आणि पोट धुणे हा केवळ स्वच्छतेचा भाग राहत नाही, तो उपचार होतो. पाणी कोमटाहून थंडच बरे, कारण गरम पाण्याने खाज वाढते. माणसांचा साबण किंवा शाम्पू नको. आपल्या त्वचेचा सामू (पीएच) ५.५ च्या आसपास, किंचित आम्ल असतो, तर कुत्र्याचा उदासीनतेच्या, म्हणजे ७ च्या जवळ. आणि आपल्या बाह्यत्वचेत पेशींचे १० ते १५ थर असतात, तिथे कुत्र्याच्या त्वचेत जेमतेम ३ ते ५. आपल्याला सौम्य वाटणारी वस्तू त्याला सौम्य वाटेलच असे नाही.

ओट्सचे पाणी हा मला मनापासून पटलेला उपाय आहे. साधे ओट्स मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करावेत. चमचाभर पीठ पेल्यातल्या पाण्यात टाकल्यावर पाणी दुधट झाले आणि तळाला साका बसला नाही, तर ते पुरेसे बारीक झाले. हे पाणी अंगावर ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि नंतर साध्या पाण्याने धुवावे. ओट्समध्ये दाह कमी करणारे घटक आहेत आणि कातडीवर त्यांचा एक मऊ थर बसतो. गोट्या त्या दहा मिनिटांत हमखास डोळे मिटतो. माझ्या हाताखाली त्याच्या पोटाची ताणलेली कातडी सैल पडलेली जाणवते. कुत्र्याने थोडे चाटले तरी बिघडत नाही, ही तर माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट. दुकानात हल्ली मसाला ओट्सच अधिक मिळतात. त्यांत कांदा आणि लसणाची पूड असते, म्हणून ते मात्र मुळीच नकोत.

धुण्यापेक्षा कठीण काम वाळवण्याचे आहे. ठाण्याचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना हे सांगायला नको. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशीची काळपट नक्षी येते, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी चढते. मग बोटांच्या बेचक्यातले दाट केस कसे वाळणार? मी जुन्या सुती धोतराचे तुकडे करून ठेवले आहेत. दारातच बसून एकेक पंजा हातात घेते, बोटे हलकेच फाकवते आणि प्रत्येक बेचके टिपते. येऊरच्या बाजूला फिरून आलो असू, तर त्याच वेळी बोटांमध्ये आणि कानांच्या घडीत गोचिडी आहेत का हेही पाहून होते. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिच्यावर रॉकेल ओतायचे नाही. गोचिडीतून ताप येतो, आणि तो जिवावर बेततो. हे पंजे पुसणे सुरू झाल्यापासून त्यांचा आंबूस वास पुष्कळ कमी झाला आहे. कोणत्याही औषधापेक्षा या सुती तुकड्यांचे उपकार मोठे आहेत, असे मी मानते.

अंथरूण हा दुसरा भाग. दमट हवेत गाद्यांमध्ये डस्ट माइट, म्हणजे धुळीतले सूक्ष्म किडे, वाढतात; डोळ्यांना दिसत नाहीत, पण कुत्र्यांच्या ॲलर्जीत त्यांचा वाटा मोठा असतो. ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात चादर धुतली की ते मरतात. गोट्याची जाड फोमची गादी काढून टाकली आणि त्याला जुन्या साड्यांची गोधडी दिली. ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून निघते आणि ऊन असेल त्या दिवशी कठड्यावर पडते.

लावण्याच्या वस्तू सगळ्या वाईटच, असे मला म्हणायचे नाही. कोरड्या पडलेल्या ढोपराला किंवा नाकाच्या शेंड्याला खोबरेलाचे एक बोट लावायला हरकत नाही. मात्र आपल्या हवेत सर्वांगाला तेल चोळले तर ओल आणि मळ तिथेच अडकतो आणि यीस्टला आवडते ते वातावरण तयार होते. कडुनिंबाचा पाला उकळून, गार करून त्या पाण्याने कुत्र्याचे पंजे धुणारे अनेक जण आहेत, मीही कधीकधी धुते. कडुनिंबाचे तेल ही वेगळी वस्तू आहे. ते तीव्र असते आणि मांजरांना त्याचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कोरफडीचा पारदर्शक गर थंडावा देतो, पण पात कापल्यावर सालीलगत जो पिवळा चीक निघतो तो पोटात गेला तर जुलाब होतात, आणि घाईत सोललेल्या पातीवर तो थोडाफार राहतोच. व्हिनेगर ओरबाडलेल्या कातडीवर लावणे म्हणजे नुसती आग. लसूण आणि कांदा यांनी कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिसवा जाव्यात म्हणून लसूण खाऊ घालण्याची चाल किती घरांत आहे हे पाहून मला खरोखर भीती वाटते. टी ट्री तेलाविषयी अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २००२ ते २०१२ या काळातल्या ४४३ कुत्र्या-मांजरांच्या विषबाधेच्या नोंदी एकत्र तपासून प्रसिद्ध केल्या आहेत. ते तीव्र तेल अंगाला लावल्यानंतर त्यांना कापरे भरले, अशक्तपणा आला, तोल गेला. बहुतेक मालकांनी ते औषध म्हणूनच लावले होते. आणि दुकानातून आणलेले, कुत्र्यांसाठीचे, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले पिसवांवरचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत, हेही इथेच सांगते, कारण एका घरात दोन्ही प्राणी असले की अशी गफलत सहज होते.

सर्वांत अवघड काढून टाकणे अन्नाचे. मॅडमनी गोट्याच्या आहाराची चाचणी करायला सांगितली. किमान ८ आठवडे त्याने पूर्वी कधीही न खाल्लेले असे एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, याशिवाय तोंडात काहीही जाता कामा नये. रक्ताच्या तपासणीवरून अन्नाची ॲलर्जी खात्रीने कळत नाही, ही चाचणीच खरी. कुत्र्यांना बहुधा गोमांस, दूध, कोंबडी, गहू यांतले काही मानवत नाही, आणि गोट्या पिल्लू असल्यापासून कोंबडी-भातावर वाढला होता. म्हणून उकडलेले, काटे काढलेले मासे आणि बटाटा असे ठरले. शिजवणे सोपे होते. पण गोट्याला आमच्याशिवाय किती माणसे भरवतात, हे मला तोवर माहीतच नव्हते. रात्रपाळीचे वॉचमनकाका त्याला ग्लुकोजची बिस्किटे देत. पहिल्या मजल्यावरचा मुलगा चीजचा तुकडा. दूधवाल्याच्या किटलीतले सांडलेले दूध. मी प्रत्येकाला गाठून सांगितले, आणि प्रत्येकाचा चेहरा पडला.

आमच्या सासूबाईंचे दुःख सगळ्यांत मोठे. ताटातला शेवटचा चतकोर तूप लावून गोट्याला द्यायचा, हा त्यांचा नेम. "दारातल्या मुक्या जिवाच्या तोंडात घास पडल्याशिवाय माझं जेवण पुरं होत नाही, मग मी काय करू?" त्यांनी विचारले. त्यांच्या लहानपणी घरात जेवणाआधी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास वेगळा काढला जाई. त्या संस्कारापुढे मी पोळीतल्या गव्हाच्या प्रथिनाबद्दल काय बोलणार होते? त्यांच्या पानात एक उकडलेल्या बटाट्याची फोड वाढायची, असे शेवटी ठरले. जेवण आटोपले की त्या ती फोड हातात घेत, गोट्या समोर येऊन बसे, आणि घास होई. मधे गणपती आले. घरभर उकडीच्या मोदकांचा वास, येणारे-जाणारे, पाटाखाली सांडलेले खोबरे. पाच दिवस त्याला आतल्या खोलीत ठेवावे लागले, आणि दाराच्या फटीतून दिसणारे त्याचे नाक ओलांडून आरतीला जाताना मला फार अपराधी वाटे. ८ आठवडे झाले. खाज तशीच. कोंबडी पुन्हा सुरू केली, फरक नाही. कोंबडी निर्दोष ठरली. सगळ्या घराने पाळलेल्या त्या व्रताचे फळ म्हणजे एक शक्यता वजा झाली, एवढेच. मला निराशा आली होती, पण सासूबाईंनी तुपाचा चतकोर पुन्हा हातात घेतला त्या दुपारी, दोघांकडे पाहून बरेही वाटले.

उत्तर मिळाले ते स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयमध्ये. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, ज्या रात्री गोट्या खाजवत जागा राही त्या तारखेवर मी पेन्सिलीने फुली करत असे. वर्षाची पाने उलटून पाहिली, तर फुल्या ज्येष्ठाच्या अखेरीस सुरू होऊन आषाढ-श्रावणात दाटत, आश्विनापर्यंत रेंगाळत आणि मार्गशीर्षात जवळजवळ नाहीशा होत. ते कॅलेंडर मी दवाखान्यात घेऊन गेले. मॅडमनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "हे फार उपयोगाचं आहे." पावसाळ्यातली ओल, बुरशी आणि धुळीतले माइट यांची ही ॲलर्जी. ती बरी होऊन कायमची जाणार नाही, आटोक्यात ठेवावी लागेल.

आटोक्यात ठेवण्यात गोळीही आली. श्रावणात खाज अनावर होते तेव्हा मॅडम काही दिवस खाज थांबवणारी गोळी देतात, यीस्ट वाढले असेल तर औषधी शाम्पू देतात, आणि मी ते संकोच न करता वापरते. कातडी ओलसर झाली, पू दिसला, दुर्गंधी आली, जनावर जेवेना किंवा झोपेना, तर ओट्स आणि धोतराचे तुकडे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. झाडपाल्यावर निष्ठा म्हणून एखाद्या जिवाला रात्रभर खाजवत ठेवणे मला निर्दयपणाचे वाटते. मात्र पंजे पुसणे, गोधडी उकळणे, आठवड्याची आंघोळ हे नियमाने चालू असल्यापासून गोळीचे दिवस कमी लागतात, हेही कॅलेंडरवर दिसते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना ना कॅलेंडर, ना धोतराचे तुकडे. नेरूळला माझी बहीण राहते, तिच्या घराजवळच्या रिक्षास्टँडवर एक कुत्री होती. केस गेलेले, कातडी राखाडी आणि जाड झालेली. स्टँडवरच्या एका रिक्षाचालकाने गॅरेजमधून जळके ऑइल आणून ते रोज फडक्याने तिच्या अंगाला लावायला सुरुवात केली. खरजेवरचा हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. इंजिनातून निघालेल्या त्या तेलात जड धातू असतात, ते कातडी पोळते आणि चाटून पोटात जाते. बहीण त्याला रागावायला गेली आणि न रागावता परत आली, कारण तो माणूस स्वतःच्या डब्यातली भाजी-भाकरी आधी तिच्यापुढे ठेवून मग जेवायला बसला होता. तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे चघळायची गोळी आणली आणि त्याच्याच हातात दिली. गोळी भाकरीतून पोटात गेली, रक्तातून खरजेच्या किड्यांपर्यंत पोहोचली. पुढच्या काही आठवड्यांत त्या कुत्रीच्या पाठीवर कोवळी, पिवळसर लव आली. आता स्टँडवरचे इतर लोक त्या रिक्षाचालकाला विचारायला येतात, आणि तो जळक्या ऑइलला ठामपणे नाही म्हणतो.

काकूंशी माझे या विषयावर पुष्कळ बोलणे होते. त्यांना एवढेच वाटत होते की आपल्या हाताने काहीतरी करावे. त्या हाताला आता फणी मिळाली आहे. रोज दुपारी खिडकीतल्या उन्हात मनीला मांडीवर घेऊन त्या कंबरेपासून शेपटीपर्यंत फणी ओढतात, फणी साबणाच्या पाण्यात बुडवतात, पुन्हा ओढतात. पिसवांचे औषध डॉक्टरांनी मांजरांसाठीचेच दिले आहे आणि ते मानेवर, जिथे तिची जीभ पोहोचत नाही, त्या जागी लावायचे असते. हे ऐकल्यावर मला आजोबांचे मुसके आठवले.

यंदा आम्ही तयारी लवकर सुरू केली. माशाच्या तेलातली ओमेगा ३ आम्ले कातडीचे आवरण सुधारतात आणि दाह कमी करतात, पण त्यांचा परिणाम दिसायला २ ते ३ महिने लागतात. खाज सुटल्यावर घाईने दिलेल्या कॅप्सुलचा उपयोग होत नाही. जवसाचे तेल आपल्या घरात सहज असते, परंतु त्यातले आम्ल कुत्र्याच्या शरीरात फार थोडे उपयोगी रूप घेते, म्हणून ते माशाचेच हवे. मॅडमनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिली आणि जास्त दिल्यास पोट बिघडेल असे बजावले. मृगाचा पाऊस येण्याआधी पुरेसे दिवस हातात असावेत म्हणून आम्ही गुढीपाडव्याला सुरुवात केली. सासूबाईंना माशाचा वास सहन होत नाही, तरी कॅप्सूल सुईने टोचून भातावर पिळण्याचे काम त्यांनी स्वतःकडे मागून घेतले आहे.